झाड कोणाचे, सावली कोणाची

कोकोचे झाड मुळात सावलीतले. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, उंच झाडांच्या छताखाली, वारा न लागणाऱ्या दमट जागेत ते वाढले. त्याला फुले-फळे फणसासारखी थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. फूल नखापेक्षा लहान. परागीभवनाचे काम मधमाश्या करत नाहीत; पालापाचोळ्यात आणि कुजक्या केळीच्या खुंटांत वाढणाऱ्या अगदी बारीक माश्या ते करतात. शंभर फुलांमागे पाच फळे धरली तरी पुष्कळ झाले. बाग झाडून लख्ख ठेवली, औषधांची फवारणी अति केली, की या माश्या नाहीशा होतात आणि फुलांनी लगडलेले झाडही रिकामे राहते.

फळ पिकले की पिवळे किंवा केशरी दिसू लागते. देठ कोयत्याने बेताने तोडावा लागतो, कारण खोडावरच्या ज्या उंचवट्यातून फूल फुटते तो दुखावला तर तिथे पुन्हा फळ धरत नाही. तोडलेल्या फळांचा ढीग झाडाखालीच रचतात आणि फोडायला शेजारीपाजारी सावडीने येतात. कोयत्याचा एक घाव, मग हाताचा पीळ. आत पांढऱ्या, आंबटगोड गराने माखलेल्या तीस-चाळीस बिया. त्या केळीच्या पानांवर ओतायच्या, वरून केळीच्याच पानांनी झाकायच्या आणि पाच ते सात दिवस तशाच ठेवायच्या, मधे एक-दोनदा उलथून. गरातली साखर आंबते, गर वितळून गळून जातो, ढीग पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापतो. बीमधला अंकुर मरतो आणि जांभळी बी तपकिरी होऊ लागते. चॉकलेटच्या वासाचा पाया या ढिगात पडतो. ढीग नीट आंबला नसेल तर पुढच्या कारखान्यात कितीही भाजले-दळले तरी तो वास येत नाही. त्यानंतर बांबूच्या चटयांवर आठवडाभर ऊन द्यायचे. दिवसातून कित्येकदा हाताने पसरायचे, पाऊस आला की गुंडाळायचे, चपट्या आणि बुरशी धरलेल्या बिया वेचून टाकायच्या.

एवढे करून मिळते किती? पश्चिम आफ्रिकेत हेक्टरी साधारण अकराशे झाडे आणि चारशे ते पाचशे किलो सुक्या बिया, हा सर्वसाधारण हिशेब. म्हणजे एका झाडाचे वर्षभराचे उत्पन्न अर्धा किलोसुद्धा नाही. सत्तर टक्के कोको असलेल्या, शंभर ग्रॅमच्या चार-पाच वड्या त्यातून होतील. चॉकलेटच्या शाश्वततेची चर्चा बहुधा वेष्टनावरच्या हिरव्या शिक्क्यापासून सुरू होते. मला ती या अर्ध्या किलोपासून सुरू करावीशी वाटते.

जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतो, आणि तो मळेवाल्यांचा नाही. दोन ते पाच हेक्टरांच्या लाखो छोट्या शेतकऱ्यांचा आहे. तेते क्वार्शी नावाच्या लोहाराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया आणून आजच्या घानातल्या मांपोंग गावी लावल्या, असे तिथे शाळेत शिकवले जाते. १९११ पर्यंत हा प्रदेश जगात पहिल्या क्रमांकाचा कोको उत्पादक झाला होता. ही करामत शेतकऱ्यांनी केली. वसाहत सरकारचा त्यातला वाटा थोडा होता. आयव्हरी कोस्टची भरारी त्यानंतरची. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी स्वतः कोकोचे बागायतदार. जो कसेल त्याची जमीन, असे त्यांचे धोरण होते. देशाच्या मध्यभागातून बाउले जमातीचे शेतकरी, उत्तरेकडून माली आणि आजच्या बुर्किना फासोतले मजूर नैऋत्येच्या जंगलाकडे निघाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयव्हरी कोस्टने घानाला मागे टाकले.

जंगल का तोडले, याचे उत्तर अडाणीपणा किंवा हाव असे देणाऱ्यांनी फ्रांस्वा रुफ यांचे काम पाहावे. हे फ्रेंच कृषी-अर्थशास्त्रज्ञ अनेक दशके आयव्हरी कोस्टच्या कोको पट्ट्यात हिंडले आहेत. त्यांचे म्हणणे असे: नुकत्याच तोडलेल्या जंगलाच्या जमिनीत कोको लावणे सर्वांत स्वस्त पडते. माती सुपीक, तण कमी, रोग अजून पोचलेले नाहीत, आणि भोवतालचे जंगल ओलावा धरून ठेवते. पंचवीस-तीस वर्षांनी झाडे म्हातारी होतात, माती थकते, कीड येते. त्याच जागी पुन्हा लागवड करायची तर मजुरी आणि खत कितीतरी अधिक लागते. तेवढा पैसा गाठीशी नसतो, म्हणून शेतकरी, किंवा त्याचा मुलगा, पुढच्या जंगलाकडे सरकतो. आयव्हरी कोस्टमध्ये कोकोचा पट्टा असाच पूर्वेकडून मध्याकडे आणि तिथून नैऋत्येकडच्या सुब्रे, सान पेद्रोच्या दिशेने सरकत गेला. १९६० पासून देशाचे ऐंशी टक्क्यांहून अधिक जंगल गेले आहे. २०२३ मध्ये उपग्रहचित्रांवरून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की तिथल्या संरक्षित वनक्षेत्रांतल्या वनहानीपैकी सदतीस टक्क्यांहून अधिक हानी कोकोशी जोडलेली आहे. घानात हे प्रमाण तेरा टक्के. आता पुढे सरकायला जंगलच उरलेले नाही. शाश्वत कोकोचा प्रश्न आज इतका निकडीचा झाला, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

उपाय म्हणून सगळे एक गोष्ट सांगतात: कोकोत सावलीची झाडे लावा. सल्ला बरोबर आहे. कडक उन्हात वाढवलेले संकरित कोको सुरुवातीला भरघोस पिकते, पण खत मागते आणि लवकर थकते. सावली जमिनीतला ओलावा टिकवते, पाचोळा देते आणि हार्माटन हे सहाराकडून येणारे कोरडे वारे अडवते. मग शेतकरी झाडे का राखत नाही?

घानाच्या कायद्यात याचे उत्तर सापडते. १९६२ च्या कायद्याने तिथली आपोआप उगवलेली इमारती लाकडाची झाडे, ती कोणाच्याही शेतात असोत, राष्ट्राध्यक्षांच्या हवाली झाली. पारंपरिक प्रमुखाच्या गादीच्या वतीने विश्वस्त म्हणून. शेतकऱ्याने कोकोत उगवलेले रोप वीस-तीस वर्षे सांभाळावे, आणि एक दिवस लाकडाचा परवाना घेऊन ठेकेदार यावा. तो झाड पाडतो. पडताना ते खाली दहा-वीस कोकोची झाडे मोडते, ओंडका ओढून नेताना आणखी काही चिरडली जातात. नुकसानभरपाई मिळाली तर तुटपुंजी, लाकडाच्या पैशात वाटा नाही. म्हणून शहाणा शेतकरी ओडुम किंवा महोगनीचे रोप दिसले की ते लहान असतानाच उपटून टाकतो. त्याला जंगलाचे महत्त्व समजावून सांगायला कार्यकर्ते पाठवण्यात काय अर्थ आहे? त्याने हिशेब अचूक केला आहे. त्यात भर वाट्याच्या शेतीची. अबुसा पद्धतीत पिकाचे तीन वाटे होतात, अबुनुत अर्धाअर्धी. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि मोठे झाड सरकारचे. अलीकडे घानात लावलेल्या झाडांची नोंदणी करून शेतकऱ्याचा हक्क मान्य करण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. माझ्या मते कोणत्याही शिक्क्यापेक्षा ही नोंदवही अधिक मोलाची आहे.

याची दुसरी बाजू आपल्या जवळच पाहायला मिळते. भारतात कोको वाढते ते केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत, जवळजवळ सगळे आंतरपीक म्हणून. मंगळूरकडच्या सुपारीच्या बागेत दोन ओळींच्या मधे, आंध्रात नारळाच्या किंवा तेलमाडाच्या सावलीत. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने ही लागवड शास्त्रशुद्धपणे बसवली. इथे कोकोसाठी जंगल तोडावे लागले नाही. सावली देणारे झाड शेतकऱ्याचे स्वतःचे आहे आणि तेच त्याचे मुख्य उत्पन्न आहे, म्हणून ते राखायला त्याला कोणी सांगावे लागत नाही. भावाचा फटका मात्र याही बागांना चुकला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भाव कोसळले, खरेदी आटली आणि अनेकांनी कोको उपटून टाकले. तेव्हा सुपारी उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. भारताचे उत्पादन तीस हजार टनांच्या आसपासच आहे, आयव्हरी कोस्टच्या सुमारे वीस लाख टनांपुढे नगण्य. पण बी पिकवणाऱ्यांच्या हाती कारखानाही असू शकतो, हे त्यातून दिसते.

भावाकडे वळू. चॉकलेटच्या वडीला ग्राहक जे पैसे देतो त्यातले साधारण सहा-सात टक्के कोको पिकवणाऱ्यापर्यंत पोचतात. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये सरकारी मंडळ दरवर्षी हंगाम सुरू होताना हमीभाव जाहीर करते. घानाचे कोकोबॉड तर १९४७ पासूनचे आहे. हमीभावाने शेतकऱ्याला वायदेबाजाराच्या दैनंदिन चढउतारापासून आडोसा मिळतो, हे खरे. भाव ठरवण्याची मूळ ताकद मात्र लंडन आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात आणि दळणाचा बहुतांश धंदा हाती असलेल्या मोजक्या कंपन्यांत राहते. उफुए-ब्वान्यींनी १९८७ मध्ये भाव वाढावा म्हणून देशाचा कोको बाजारातून रोखून धरला होता. गोदामे भरली, भाव वाढला नाही, आणि १९८९ मध्ये शेतकऱ्याचा भाव किलोला ४०० फ्रँकवरून २०० वर आणावा लागला. एकट्या देशाने बाजाराशी झुंज घेतली तर काय होते, याचा तो धडा होता.

२०१९ मध्ये दोन्ही देश एकत्र आले. दरटनामागे ४०० डॉलरचा जादा आकार खरेदीदारांनी द्यावा आणि तो शेतकऱ्याच्या जगण्याइतक्या उत्पन्नासाठी जावा, असे त्यांनी ठरवले. २०२०-२१ च्या हंगामापासून तो लागू झाला. मोठ्या कंपन्यांनी जाहीर स्वागतही केले. पण कोकोच्या भावात आणखी एक घटक असतो: देशाच्या मालाच्या दर्जासाठी मिळणारी वाढीव रक्कम. ती घसरत घसरत शून्याखाली गेली. एका हाताने दिलेले ४०० डॉलर दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. याची चर्चा चॉकलेट कंपन्यांच्या शाश्वततेच्या अहवालांत व्हायला हवी.

मग २०२४ आले. आधीच्या हंगामात अतिवृष्टी, फळे काळी पाडणारी बुरशी, नंतर अल निनोची कोरड, आणि वर्षानुवर्षे न बदललेली म्हातारी झाडे. जगाचे उत्पादन सुमारे पन्नास लाख टनांवरून चव्वेचाळीस लाखांच्या आसपास आले. जो कोको वर्षानुवर्षे टनाला अडीच हजार डॉलरच्या आगेमागे होता, तो एप्रिलमध्ये दहा हजारांच्या वर आणि डिसेंबरमध्ये बारा हजारांच्याही वर गेला. शेतकरी मालामाल झाला असेल? घानाने एप्रिलमध्ये हमीभाव आपल्या चलनात टनाला ३३,१२० सेडींपर्यंत वाढवला. डॉलरमध्ये तो अडीच हजारांच्या आसपास होता, म्हणजे बाजारभावाचा जेमतेम चौथा हिस्सा. कारण पिकाचा मोठा भाग वर्षभर आधीच्या भावाने विकून झालेला होता. पुढच्या पिकाच्या तारणावर परदेशी बँकांकडून दरवर्षी कर्ज घ्यायचे, त्यातून खरेदी करायची, ही कोकोबॉडची तीस वर्षांची पद्धत. माल कमी आला, करार पुरे करता येईनात, आणि चांगला भाव मिळेल तिकडे, टोगोकडे, पोती रातोरात सीमेपार जाऊ लागली. २०२४-२५ साठी कोकोबॉडने ते कर्ज घेतलेच नाही. २०२५ मध्ये जागतिक भाव पुन्हा उतरू लागले.

महागाईत कारखाने वड्या लहान करतात, कोको कमी घालतात आणि कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी वापरतात. युरोपीय संघाच्या २००० च्या नियमाने चॉकलेटमध्ये अशी चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालते, आणि परवानगी असलेल्या सहा चरबींत एक आहे कोकमाच्या बियांची. कोकणात आणि गोव्यात जे मुठेल किंवा भिरंडेल म्हणून हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावतात, तेच. सोलांसाठी फळे फोडताना बिया आपोआप वेगळ्या निघतात, आणि त्या नीट गोळा करून गाळल्या तर कोकणातल्या बायकांच्या हाती चार पैसे येतील. पण कोको बटरला पर्याय मिळाला म्हणून घानातल्या शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही, उलट मागणी घटून त्याचा भाव आणखी पडतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

बालमजुरीचा प्रश्न या हिशेबापासून वेगळा काढता येत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन आणि प्रतिनिधी एलियट एंगल यांच्या पुढाकाराने चॉकलेट उद्योगाने करार केला: बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत बंद करू. मुदत टळली, पुढे ढकलली, पुन्हा टळली. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेने दोन देशांच्या कोको पट्ट्यातल्या बालमजुरांची संख्या १५ लाख ६० हजार असल्याचे सांगितले. पळवून आणलेल्या मुलांच्या कहाण्या खऱ्या आहेत आणि भयंकर आहेत. पण बहुसंख्य मुले आईबापांच्याच शेतात राबतात: कोयता चालवतात, ओझी वाहतात, औषध फवारतात. मजूर लावायला पैसे नाहीत आणि शाळा चार कोसांवर, तिथे तपासनीस येऊन गेल्याने मुलाच्या हातातला कोयता सुटत नाही.

आता सगळा भर माग काढण्यावर आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला: ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोया, लाकूड आणि गुरांपासूनचा माल युरोपात विकता येणार नाही, आणि प्रत्येक खेपेसोबत शेताचे स्थान द्यावे लागेल. चार हेक्टरांहून मोठ्या शेताची तर पूर्ण हद्द आखून. कायद्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. आता मोठ्या कंपन्यांसाठी २०२६ च्या अखेरची तारीख आहे. कायदा मला हवासा वाटतो. आजवर एक मोठी पळवाट होती: शिक्का असलेल्या आणि नसलेल्या बिया एकाच गोदामात मिसळायच्या आणि जितका माल प्रमाणित घेतला तितक्या वजनाच्या चॉकलेटवर शिक्का मारायचा. आपल्या हातातली वडी कोणत्या शेतातली, हे त्यातून कधीच कळत नसे. आयव्हरी कोस्टमध्ये गावोगाव फिरून पोती उचलणारे पिस्तर नावाचे दलाल असतात, आणि त्यांच्या हातून गेलेल्या मालाचा माग तिथेच संपतो. हद्द आखली की हे थांबेल. मात्र मोजणीचा खर्च कोण देणार, आणि २०२० च्या आधीच वनक्षेत्रात वसलेल्या, कागद नसलेल्या कुटुंबांनी आपला माल कोणाला विकायचा? खरेदीदाराने नकाशात न बसणाऱ्या शेतकऱ्याला सोडून दिले, तर तो कमी भावात त्याच पिस्तरला विकेल आणि माल दुसऱ्या देशाच्या बाजारात जाईल.

शेवटी मुद्दा येतो जुन्या बागेवर. पिठ्या ढेकणामुळे पसरणारा, फांद्या सुजवणारा विषाणू घानात १९३६ पासून नोंदलेला आहे. त्यावर औषध नाही, झाड तोडणे हाच उपाय. १९४० च्या दशकात वसाहत सरकारने सक्तीने झाडे तोडायला सुरुवात केली तेव्हा शेतकरी इतके संतापले, की तिथल्या १९४८ च्या दंगलींच्या कारणांत चौकशी आयोगाने त्याचीही नोंद केली. तीच कुऱ्हाड आज पुन्हा चालवायची आहे, या वेळी शेतकऱ्याच्या संमतीने. तोडलेल्या जागी नवे रोप लावले तर पहिले फळ यायला तीन वर्षे, भरात यायला पाच-सहा. मधल्या काळात तात्पुरत्या सावलीसाठी केळी लावतात, आणि पहिली दोन वर्षे घरात जे खायला येते ते तिथूनच. केळी काढल्यावर आणि कोको धरण्याआधी जे एक-दोन हंगाम मोकळे जातात, तेवढ्यांचा खर्च करारात घालणारे खरेदीदार मोजकेच आहेत. नेदरलँड्समध्ये २००५ साली सुरू झालेली टोनीज चॉकलोनली ही कंपनी सहकारी संस्थांशी किमान पाच वर्षांचे करार करते आणि जगण्याइतके उत्पन्न धरून भाव देते. हीच रीत इतरांनी घ्यावी म्हणून तिने आपली खरेदीसाखळी खुली केली. जो खरेदीदार पुढच्या हंगामापलीकडचा शब्द देत नाही, त्याच्या भरवशावर जुनी बाग तोडायची हिंमत दोन हेक्टरांचा शेतकरी करत नाही. तो रोगट झाडांवरून मिळेल तेवढे उतरवत राहतो आणि विषाणू शेजारच्या शेतात जातो.